वाढत्या अंगाची कुंडी

माझी भाची यंदा पाचवीत गेली. तिला नवा गणवेश आणला, तोही 'वाढत्या अंगाचा'. म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नकोच. बाह्या कोपराच्या खाली, स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत आणि बुटांत पुढे कापसाचा बोळा. "आता दोन वर्षं बघायला नको," असं तिची आई म्हणाली. आमची आईसुद्धा हेच म्हणायची. गंमत अशी, की दोन वर्षांनी गणवेश अंगाला नीट बसायला लागायचा तोवर त्याचा रंग उडालेला असायचा.

त्या बुटांतून फटक-फटक करत ती एका शनिवारी माझ्याकडे आली. पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता. बूट दारात काढायचे असतात हे विसरून बाईसाहेब थेट गॅलरीत, आणि तिथूनच ओरडल्या, "मावशी, तुझ्या झाडाला कीड लागलीय! औषध मार!"

झाड म्हणजे माझा नेचा. शाळेच्या पुस्तकात नेचा, नर्सरीत मात्र फर्न. 'एक नेचा द्या' म्हटलंत तर नर्सरीवाला तुमच्याकडे नुसता बघत राहील. चार इंची कुंडीतला छोटासाच आहे. कंगव्याला दोन्ही बाजूंनी दात असावेत तशी त्याची पानं. भाचीनं एक पान उलटं करून धरलं होतं. प्रत्येक दाताच्या खालच्या बाजूला, कडेशी, तपकिरी ठिपक्यांची रांग होती.

"कीड कधी अशी पट्टीनं आखून बसते का?" मी विचारलं.

तिनं पुन्हा पाहिलं. ठिपके सारख्या अंतरावर होते. मग मी भिंग आणून दिलं. भिंगाखाली ठिपका गोल दिसत नाही, काजूसारखा दिसतो. म्हणजे मूत्रपिंडासारखाच म्हणा ना! आणि म्हणूनच या नेच्याचं शास्त्रीय नाव नेफ्रोलेपिस. ग्रीक भाषेत नेफ्रोस म्हणजे मूत्रपिंड आणि लेपिस म्हणजे खवला. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात, तिथलाच हा नेफ्रो. तो काजू म्हणजे एक झाकण असतं. त्याच्याखाली इवल्या इवल्या डब्या, आणि डब्यांत धुळीसारखे बीजाणू. नेच्याला फूल येत नाही, बी येत नाही. त्याचा सगळा कारभार या धुळीवर. प्रत्येक डबीला एक पट्टी असते. हवा कोरडी झाली की ती पट्टी पाणी गमावून मागे वाकत जाते, वाकत जाते, आणि एका क्षणी फटकन पुढे येते. अगदी गलोल! बीजाणू उडाले की पुढचं काम वाऱ्याचं.

आणि वारा त्यांना किती लांब नेतो म्हणता? १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाताऊ बेटावरचा ज्वालामुखी फुटला आणि बेटाचा जो काही तुकडा उरला तो गरम राखेखाली गाडला गेला. तीन वर्षांनी मेल्किओर ट्रॉइब नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे उतरले, तेव्हा त्यांना जी हिरवळ दिसली तिच्यात नेच्यांचंच राज्य होतं. समुद्र ओलांडून, उडत आलेले.

"म्हणजे औषध नको?"

"नको. ते ठिपके पुसूही नकोस."

पण झाडाचं काहीतरी बिनसलंय, हा तिचा अंदाज मात्र बरोबर होता. पानं मलूल दिसत होती. मी तांब्याभर पाणी घातलं, तर दहा मोजायच्या आत ते खालच्या भोकातून बशीत हजर. चाळणीत ओतावं तसं. भाची म्हणाली, "भरपूर पाणी प्यायला."

"प्यायला नाही, नुसतं अंगावरून गेलं."

तिला कुंडी उचलायला लावली. आताच पाणी घातलेली कुंडी जड लागायला हवी. ही पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी हलकी. मग मी कुंडी तिरकी केली आणि तिला म्हटलं, खालच्या भोकात बघ. भोकातून काळपट मुळांची शेंडी बाहेर आली होती, दाराच्या फटीतून मांजराची मिशी दिसावी तशी.

कुंडी बदलायची वेळ झाली हे असं कळतं. पानाच्या टोकांवरून कळत नाही. टोकं तपकिरी झाली की लोक घाबरून कुंडी बदलतात. पण टोकं बहुधा कोरड्या हवेनं करपतात. पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ठेवलेल्या नेच्याची हीच तक्रार असते. कुंडी कितीही मोठी आणा, हवा कोरडीच राहणार. पाणी सरळ खाली पळतंय, आज घातलेलं उद्या सुकतंय, मुळं भोकातून डोकावतायत आणि नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान निघतायत, असं दोन-तीन बाजूंनी एकदम दिसलं की मग समजावं. नुसतं 'वर्ष झालं' म्हणून कुंडी बदलू नये. नेच्याला थोडी दाटीवाटी चालते.

एवढं ऐकेपर्यंत भाची माळ्याच्या कोपऱ्यातून एक कुंडी दोन्ही हातांनी ओढत घेऊनही आली. त्यात तुळस, कढीपत्ता आणि वर एक मांजर मावलं असतं. "हिच्यात लाव. दोन वर्षं बघायला नको!"

आईची लेक शोभते.

आता मला एक कबुली द्यायला हवी. माझा पहिला नेचा मी असाच मारला. नर्सरीतून आणला तेव्हा तो एवढासा होता, आणि मी लाडानं त्याला बादलीएवढी कुंडी दिली. रोज सकाळी न चुकता पाणी. वरची माती मऊ, काळी, छान ओली. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून संध्याकाळीही घालायला लागले. शेवटी उपटून पाहिला, तर मुळं मऊ होऊन हातात सुटली आणि मातीला गटाराचा वास. पाण्यात उभा असलेला नेचा तहानेनं मेला होता. कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत.

हे कसं झालं, ते समजायला आधी थोडं गणित करू. नावडत असलं तरी करा, हे सोपं आहे. चार इंची कुंडीपेक्षा आठ इंची कुंडी किती मोठी? "दुप्पट," भाची लगेच म्हणाली. रुंदीनं दुप्पट, बरोबर. पण कुंडी रुंदही होते, लांबही होते आणि खोलही. दोन गुणिले दोन गुणिले दोन. माती मावते आठपट! आणि चार इंचीऐवजी पाच इंची घेतली तर? चारचा घन ६४, पाचचा घन १२५. म्हणजे फक्त एक इंच वाढवला की माती जवळजवळ दुप्पट. भाचीला हे पटेना. तिनं दोन्ही कुंड्या आणून वाटीनं कोकोपीट मोजून पाहिलं, आणि मग पटलं.

दुप्पट माती झाडाला आवडतेच. जर्मनीतल्या युलिख इथल्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये कुंड्यांवरचे पुष्कळ जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. कुंडी दुप्पट मोठी केली की रोप सरासरी ४३ टक्के जास्त वाढतं, असं निघालं. त्यांनी तर बीट आणि सातूच्या कुंड्या एमआरआयच्या यंत्रात घातल्या. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढतात ना, तसलं यंत्र. माती न उकरता आतली मुळं दिसावीत म्हणून. मुळं मधल्या मातीत रमत नाहीत, ती लवकरात लवकर कुंडीची भिंत गाठतात, हे त्यात स्पष्ट दिसलं.

"मग मोठी कुंडी चांगलीच की!" भाचीनं मला बरोबर पकडलं.

चांगली, पण मुळं तिथे पोचेपर्यंत त्या जादा मातीतलं पाणी पिणार कोण? मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक फटी असतात, तिथली हवा त्यांना मिळते. त्या फटी पाण्यानं भरल्या की संपलं, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगानं पसरतो त्यापेक्षा पाण्यातून सुमारे १० हजार पट हळू पसरतो. आठपट मातीत आठपट पाणी, आणि पिणारा तोच एक चिमुकला. बिचारा पिऊन पिऊन किती पिणार?

इथे एक प्रयोग. भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, ओट्यावरचा नको, घरचे ओरडतील. पाण्यात बुडवून चिंब करा आणि न पिळता, आडवा, बोटांच्या टोकांवर धरा. पाणी गळेल, मग थेंब थेंब होईल, मग थांबेल. थांबलं? आता तोच स्पंज हळूच लांब कडेवर उभा करा.

पुन्हा गळायला लागला! गळायचा थांबला की आता आखूड कडेवर अगदी उंच उभा करा. अजून गळतो!

भाचीनं हे सहा वेळा केलं. माझी गॅलरी ओली, तिचा नवा गणवेश ओला. पिळलं तर कोणीच नाही, मग हे पाणी आलं कुठून? तर बारीक भोकांत पाणी चिकटून बसतं, आणि तळाशी ठरावीक उंचीचा एक थर नेहमी चिंब राहतो. स्पंज आडवा असतो तेव्हा जवळजवळ सगळाच त्या थरात येतो. उभा केला की तळचा छोटा पट्टा तेवढा चिंब उरतो, बाकीचं पाणी सुटतं. कुंडीचंही अगदी हेच. भोक असलं तरी तळाचा थर चिंबच राहतो. बादलीएवढ्या कुंडीत तो थर हा एवढा रुंद, आणि त्यात एकही मूळ नाही.

म्हणून तर मोठी माणसं तळाला खडी घालायला सांगतात, असं तुम्ही म्हणाल. आमच्या सोसायटीचे माळीकाकाही सांगतात, आणि त्यांच्या हाताला गुण आहे, म्हणून मी वाद घालत नाही. पण खडी घातल्यानं तो चिंब थर खाली जात नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरतच नाही. थर खडीच्या डोक्यावर जाऊन बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ! माती भोकातून वाहून जाऊ नये म्हणून एखादं खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवा, बस्स.

तर कुंडी पाच इंची ठरली.

खरं तर एक पूर्वतयारी आदल्या दिवशी व्हायला हवी होती, कारण नेच्याला हलवण्याआधी एक दिवस त्याला पोटभर पाणी द्यावं. आमच्याकडे ते राहिलं होतं. म्हणून कुंडी पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवली. भुर्र-भुर्र बुडबुडे आले. बुडबुडे थांबले की समजायचं, आतपर्यंत भिजली. मग जेवलो. आमटीभात.

जेवल्यावर खरी मजा. डावा पंजा कुंडीवर पालथा, पानांचे देठ बोटांच्या मधून बाहेर, आणि मग कुंडी उपडी. कड पायरीवर हळूच ठोकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आत काहीतरी सुटल्याचं हाताला जाणवलं. कुंडी वर उचलली तर भाताची मूद! वाटी उपडी करून पाडतो ना, तशी कुंडीच्या आकाराची मूद माझ्या पंजावर उभी. फक्त भाताच्या जागी मुळं. माती दिसतच नव्हती. सुतळीचा गुंडा असावा तशी काळी-तपकिरी मुळं भिंतीभोवती गोल गोल फिरली होती, तळाशी तर त्यांची चक्क चुंबळ झाली होती. भिंत लागली, वळली. भिंत लागली, वळली.

"ही मेलीयत," भाची म्हणाली. काळी आहेत म्हणून. नेच्याची मुळं मुळातच काळपट आणि तारेसारखी असतात. टोकं बघायची. टोकं पिवळसर-पांढरी होती, म्हणजे मुळं जिवंत होती. आणि त्या टोकात एक चमत्कार असतो, जो भिंगालाही दिसत नाही. नेच्याच्या मुळाच्या अगदी अग्राशी एकच पेशी असते, तिरकस बाजूंच्या पिरॅमिडसारखी. ती आपल्या बाजूंनी एकेक काप काढत जाते, आणि त्या कापांपासून अख्खं मूळ तयार होतं. हा एवढा गुंडा अशा एकेकट्या पेशींनी विणलेला.

आम्ही चुंबळ बोटांनी अलगद उकलत होतो, तेवढ्यात टप्पकन काहीतरी खाली पडलं. मोठ्या वाटाण्याएवढं, तपकिरी, केसाळ. मग आणखी एक. भाची दोन पावलं मागे. "अंडी!! कसलीतरी अंडी!"

मीही चपापले, खोटं कशाला बोलू. एक नखानं कापून पाहिलं. आत पाणीदार, अगदी कच्च्या बटाट्यासारखं. मग आठवलं. नेफ्रोलेपिसच्या एका जातीला, कॉर्डिफोलियाला, जमिनीखाली असे गोळे येतात. त्यांत तो पाणी साठवतो. उन्हाळ्यात मी चार दिवस गावाला गेले होते आणि माझी खात्री होती की परत येईन तोवर हा गेलेला असेल. तो का जगला, ते आज कळलं. पठ्ठ्यानं पाण्याच्या बाटल्या पुरून ठेवल्या होत्या!

मातीचं थोडक्यात सांगते. माझ्या आजोळी कोकणात विहिरीच्या आतल्या बाजूला, जांभ्याच्या फटीत, पावसाळ्यात हंसराज उगवतो. हंसराज हाही नेचाच, काळ्या तारेसारख्या देठांचा. त्याला कोण माती घालतं? फटीत अडकलेला चिमूटभर पाला कुजतो, तेवढ्यावर तो खूश. तेव्हा नेच्याला भुसभुशीत, पालापाचोळ्याची, पाणी धरणारी पण हवा खेळू देणारी माती हवी. शेतातली काळी माती नको. ती भिजली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते. आम्ही आंब्याखालचा कुजलेला पाला दोन वाट्या, भिजवून फुगवलेलं कोकोपीट एक वाटी, जाडी वाळू एक वाटी आणि गांडूळखत मूठभर असं कालवलं. मुठीत दाबलं तर लाडू वळावा आणि बोट लावलं की फुटावा. भाचीनं पाच लाडू वळले. कामाचा एकच होता.

मग पाच इंची कुंडीत तळाला थोडी माती, वर नेचा, आणि बाजूंनी चिमटी-चिमटीनं भर. इथे सांभाळायची एकच जागा, नेच्याचा गाभा. जिथून सगळी पानं फुटतात तो मधला झुपका. तो पूर्वी मातीच्या जेवढा वर होता तेवढाच वर राहायला हवा. पुरला की कुजतो. शिवाय त्या गाभ्यात चकल्या असतात. खरंच! नेच्याचं नवं पान चकलीसारखं गुंडाळूनच जन्माला येतं, कोवळा शेंडा आत सुरक्षित ठेवून, आणि उलगडत मोठं होतं. एक चकली मोडली की एक अख्खं पान गेलं. आमच्या नेच्याला तीन होत्या. त्यातली एक माझ्या अंगठ्यानं मोडली. भाची काही बोलली नाही, पण तिनं माझ्याकडे बघितलं.

माती थापायची नाही. कुंडी दोन-तीनदा जमिनीवर हलकेच आपटली की माती आपली आपण बसते. थापलीत तर ज्या फटींसाठी एवढं रामायण केलं, त्याच बुजतील. काठाखाली दोन बोटं जागा सोडा, पाणी टेकायला. मग तळातून निथळेपर्यंत पाणी, आणि कुंडी सावलीत. महिनाभर वेगळं खत नाही. मुळांवर मूलरोम नावाचे अतिशय नाजूक केस असतात, पाणी पिण्याचं काम त्यांचं. आपण कितीही अलगद हाताळलं तरी त्यातले पुष्कळ तुटतात. नवे येईपर्यंत झाडाची अवस्था तोंड आलेल्या माणसासारखी असते. तेव्हा जिलबी वाढून काय उपयोग? म्हणूनच पावसाळ्याची सुरुवात या कामाला उत्तम. हवा ओली असते, पानांतून पाणी कमी उडतं, आणि नव्या चकल्यांचा हंगामही असतो. मे महिन्याच्या भट्टीत हा उद्योग करू नका.

तुमची हवा तेवढी ओली नसेल, तर आठवडाभर एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी कुंडीवर टोपीसारखी घाला, उन्हापासून दूर. ही युक्ती लंडनच्या एका डॉक्टरांची, आणि तीही चुकून सापडलेली. डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना नेचे लावायचा भारी नाद. पण लंडनभर दगडी कोळशाचा धूर, त्यात नेचे टिकेनात. १८२९ मध्ये त्यांनी एका बाटलीत ओलसर माती घालून तिच्यात पतंगाचा कोष ठेवला आणि बाटलीचं तोंड बंद केलं. त्यांना पतंग बाहेर येताना बघायचा होता. काही दिवसांनी बघतात तर मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलेलं! दिवसा पाण्याची वाफ व्हायची, काचेवर थेंब जमायचे, आणि पुन्हा मातीत उतरायचे. बाटलीतला स्वतःचा छोटा पावसाळा. कोणी पाणी न घालता तो नेचा जवळजवळ चार वर्षं जगला. मग वॉर्डनी तशा काचेच्या पेट्याच केल्या. १८३३ मध्ये नेचे भरलेल्या पेट्या जहाजानं लंडनहून सिडनीला गेल्या आणि नेचे टवटवीत पोचले. पुढे तर रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चहाची हजारो रोपं अशाच पेट्यांतून चीनहून हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या मळ्यांत धाडली. चहाच्या कपाला नेच्याचं हे असं नातं आहे.

भाचीनं ते ऐकलं आणि स्वयंपाकघरातून कान तुटलेला एक कप आणला. उरलेल्या चार लाडवांतला एक त्यात फोडला आणि खाली पडलेल्या गोळ्यांपैकी न कापलेला गोळा त्यात पुरला. त्या गोळ्यापासूनही नवा नेचा होऊ शकतो, असं मी तिला सांगितलं होतं.

"कपाला खाली भोक नाहीये," मी म्हटलं.

"मग मी पाणीच कमी घालीन. थेंब-थेंब. आणि वर पिशवी."

कप ती घरी घेऊन गेली. जाताना बूट हातात आणि पाय अनवाणी, कारण आतला कापूस भिजून फुगला होता. माझ्या नेच्याची दोन जुनी पानं पिवळी पडली, ती मी कापली. उरलेल्या दोन चकल्या आता अर्ध्या उलगडल्यात. कपातून अजून काहीही आलेलं नाही. रोज रात्री आठ वाजता फोन येतो.

"मावशी, एकदा उकरून बघू?"

"नको."

"थोडंसंच?"